बंद घरांचे लघाटेकाका

बंद घरात शिरण्याआधी लघाटेकाका बेल वाजवत. आत कोणी नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असे, कारण त्या घराची चावी त्यांच्याच हातात असे. तरी ते बेल वाजवत, दोन पावलं मागे सरून उभे राहत आणि मग सावकाश कुलूप काढत. पहिल्यांदा मी हे पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना.

‘‘काका, आत आहे कोण?’’

‘‘कोणीच नाही, बेटा. पण लाइट आहे की गेली, ते कळलं ना?’’ चपला काढता काढता ते म्हणाले. मग आवाज जरा खाली आणून, ‘‘आणि समज, घरवाले न सांगता आले असले तर? आपण एकदम धडाधड घुसायचं का त्यांच्या घरात?’’

त्यांची नि माझी गाठ एका सॉफ्टवेअरपायी पडली. नव्वदीची सुरुवात होती. मी कॉम्प्युटरचा कोर्स करून इंदूरच्या पोलोग्राउंड भागातल्या एका कंपनीत नुकती लागले होते. कंपनी म्हणजे खाली लेथ मशीनची खडखड आणि वर दोन खोल्या. त्यात तीन कॉम्प्युटर आणि एक एसी. तो एसी माणसांसाठी नव्हता, मशीनसाठी होता. चपला बाहेर काढायला लागत. आमचे मालक भंडारीजी औषधाच्या दुकानांना आणि दवाखान्यांना प्रोग्राम विकत, आणि नव्या धंद्याचा वास त्यांना सगळ्यांच्या आधी येई.

त्या वर्षांत इंदूरच्या मिलांचे भोंगे एकेक करून गप्प होत होते. त्याच वर्षांत शिकलेली मुलं पुण्याला, बंगलोरला, अमेरिकेला निघाली होती. मागे राहिलेले आईवडील कधी सुनेच्या बाळंतपणाला जात, कधी थंडीपुरते लेकीकडे. घरं सहा-सहा महिने बंद राहू लागली. मग ती घरं सांभाळणारे निघाले. आठवड्याला जाऊन घर उघडायचं, झाडांना पाणी घालायचं, टपाल उचलायचं, काही बिघडलं असेल तर कळवायचं. शहरात असे चार-पाच जण होते.

भंडारीजींनी मला बोलावलं. ‘‘मैडम, इनको सॉफ्टवेअर लगेगा. तुम जाओ, इनकी जरूरत समझो. एक महीने में रिपोर्ट.’’

मी तीस प्रश्नांचा एक फॉर्म टाइप केला, प्रोग्रामचे स्क्रीन कसे दिसतील त्याच्या छापील प्रती काढल्या आणि यादीतलं पहिलं नाव गाठलं. रामबागेत एका इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्या. दार उघडलं ते काकूंनी. आत भिंतीवर एक लाकडी फळी, तिला खिळे, आणि खिळ्यांना चाव्या. एकाही चावीवर नाव नव्हतं. प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा सुती धागा बांधलेला. कोणता धागा कोणत्या घराचा, ते फक्त काकांना आणि काकूंना माहीत.

‘‘चोर आला तर चाव्या मिळतील,’’ काका म्हणाले, ‘‘पण मग त्याला इंदूरभर कुलपं ट्राय करत फिरावं लागेल.’’

ते मिलमध्ये कापड तपासायचे. फोल्डिंग खात्यात, बावीस वर्षं. मिल बंद झाल्यावर पंधरा दिवस इतरांबरोबर गेटवर जाऊन बसले. सोळाव्या दिवशी गेले नाहीत. शेजारी राहणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या बाई मुलीच्या बाळंतपणासाठी चार महिने पुण्याला निघाल्या होत्या. त्यांनी जाता जाता ‘तुळशीला पाणी घाला हो’ म्हणून चावी दिली. बाई परत आल्या तेव्हा काकांनी त्यांच्या हातात तुळस हिरवीगार दिलीच, वर एक कागदही दिला. कोणत्या तारखेला गेलो, मोरीच्या नळाचं वायसर कधी बदललं, गच्चीवर कोणाचा पतंग अडकला होता, सगळं. बाईंनी तो कागद साऱ्या शाळेला दाखवला. मी गेले तेव्हा फळीवर बावीस चाव्या होत्या.

काकांनी माझे छापील स्क्रीन शेवटपर्यंत पाहिले. मी एकेक समजावत गेले. मी थांबल्यावर म्हणाले, ‘‘छान. मेहनत खूप केली आहेस. हे करण्याआधी कोणाच्या बंद घरात गेली होतीस?’’

‘‘नाही.’’

‘‘मग उद्या सकाळी आठला ये. गाडी आहे?’’

‘‘लूना आहे.’’

‘‘चालेल. पण हळू चालव हं, मी सायकलवर असतो.’’

एका सकाळपुरती गेलेली मी पंधरा दिवस त्यांच्यामागे फिरत राहिले. काका घरात शिरले की आधी नुसते उभे राहत आणि नाकाने श्वास घेत. बंद घराला वास असतोच, पण तो मागच्या आठवड्याचाच आहे की बदलला, हे त्यांना कळे. मग सगळे नळ सोडत. संडासात पाणी टाकत, कारण तिथलं पाणी आटलं की झुरळं वर येतात. खिडक्या उघडून, भिंतींवरून तळहात फिरवत ते खोलीमागून खोली जात. शेवटी एका खुर्चीवर पाच मिनिटं बसत. ‘‘उभ्याने घर दिसत नाही,’’ म्हणत. कोणाच्या पलंगावर मात्र कधी बसले नाहीत, फ्रिजमधलं पाणीसुद्धा प्याले नाहीत. पाण्याची बाटली आपली घरून आणलेली.

स्नेहनगरात एका घरात असाच हात फिरवता फिरवता ते थांबले. ‘‘इथे काहीतरी गडबड आहे.’’ मी हात लावून पाहिला. मला ती भिंत कोरडी ठणठणीत वाटली. त्यांनी प्लंबरला बोलावलं. तो वैतागला, पण प्लास्टर फोडलं तर आतला पाइप थेंबथेंब गळत होता. प्लंबर त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. ‘‘भिया, आपको कैसे समझा?’’ काका लाजले. कापडातला एक सुटलेला धागा बोटांनी शोधण्यात बावीस वर्षं गेली होती, त्यांच्या बोटांना दुसरं काही येतच नव्हतं, असं म्हणाले.

मी रोज संध्याकाळी फॉर्म भरायचा प्रयत्न करत असे. रिपोर्ट आठवड्याने हवा की महिन्याने? छापील हवा का? यादीत किती वस्तू? एक दिवस काकांनी तो फॉर्म मागून घेतला, चष्मा लावून तीसही प्रश्न वाचले.

‘‘हे सगळे प्रश्न तुझ्या कॉम्प्युटरचे आहेत, बेटा. घरवाल्यांचा यात एकही नाही.’’

मला राग आला. कोर्समध्ये आम्हाला असाच फॉर्म शिकवला होता. ‘‘मग त्यांना काय विचारू?’’

त्यांनी चष्मा काढून फॉर्म मला परत दिला. ‘‘असं विचार, की घराची आठवण आली की आधी काय दिसतं?’’

याचा सॉफ्टवेअरशी काय संबंध, ते मला कळेना. तरी दुसऱ्या दिवशी एसटीडी बूथमध्ये बसून मी काकांच्या काही ग्राहकांना फोन लावले. पुण्याला मुलाकडे राहणारे एक बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ होते. त्यांनी माझे तीसच्या तीस प्रश्न दोन मिनिटांत उडवून लावले. सगळं ठीक आहे, महिन्याचा रिपोर्ट पुरे, काही तक्रार नाही. मग मी काकांचा प्रश्न विचारला. पलीकडे त्यांनी कोणाला तरी टीव्ही बंद करायला सांगितलं. मग ते म्हणाले, ‘‘दारामागे वडिलांची काठी आहे. आणायची राहून गेली. ती आहे का हो तिथे?’’

मी काकांना सांगितलं. त्यांनी पुढच्या पत्रात इतर सगळ्या मजकुराखाली लिहिलं, ‘काठी जागेवर आहे. मूठ पुसून ठेवली.’ आठ दिवसांनी पुण्याहून कार्ड आलं. त्यात काठीचा उल्लेख नव्हता. फक्त ‘आपले पत्र दोनदा वाचले’ एवढंच होतं.

त्या दिवशी मी माझ्या स्क्रीनवर चार ओळींची एक मोकळी जागा घातली. तिथे टिकमार्क नाही, आकडा नाही, जाणारा माणूस जे पाहील ते लिहील. भंडारीजी स्क्रीन बघून म्हणाले, ‘‘ये खाली डिब्बा काहे का? इसमें कॉम्प्युटर क्या करेगा?’’

‘‘काही नाही करणार,’’ मी म्हटलं. ‘‘माणूस लिहील.’’

त्यांना ते पटलं नाही. त्यातच शहरातल्या दुसऱ्या एका घरं सांभाळणाऱ्या पार्टीने वेगळीच मागणी केली होती. त्यांच्याकडे घरं पुष्कळ होती, फिरणारी माणसं थोडी. त्यांना एक बटण हवं होतं. ते दाबलं की सगळ्या घरांच्या सगळ्या रकान्यांत एकदम ‘ठीक’ पडावं आणि रिपोर्ट छापून यावा. भंडारीजींचं म्हणणं सरळ होतं. ग्राहक मागतो आहे, म्हणजे हीच त्याची जरूरत.

मी काकांना विचारलं. ते सायकलच्या चेनला तेल देत होते. ‘‘त्याला बटण पाहिजे हे खरं आहे,’’ ते म्हणाले. ‘‘पण ज्यांनी त्याला चाव्या दिल्या, त्यांना काय पाहिजे? तू कोणाला विचारून आलीस?’’

त्याच आठवड्यात सरलाबाईंचं प्रकरण झालं.

सरलाबाई सत्तरीच्या पुढच्या. नागपूरला मुलीकडे राहत. त्यांच्या घराची चावी त्यांनी स्वतः काकांच्या हातात दिली होती, आणि देखभालीची फी त्यांचा अमेरिकेतला मुलगा श्रीकांत पाठवत असे. आम्ही सकाळी त्या घरी पोचलो तर फाटकाशी गाडी उभी. श्रीकांत आणि त्याच्याबरोबर घरांचा एक दलाल. काकांनी दोघांना आत नेलं, खुर्च्या पुसून दिल्या, आपल्या बाटलीतलं पाणी दिलं.

श्रीकांत आधी चांगलं बोलत होता. ‘‘काका, आईच्या खोलीतलं कपाट उघडून द्या. घराचे कागद त्यात आहेत. आणि चावी आता माझ्याकडे राहू द्या. घर विकायला काढायचं ठरवलंय.’’

‘‘आईंना सांगितलं?’’

‘‘सांगीन ना. तिला फोनवर नीट ऐकू येत नाही. उगाच घोळ होतो.’’

‘‘मग चावी देता यायची नाही.’’

श्रीकांत हसला. ‘‘काका, फी मी देतो. तुमचा कस्टमर मी आहे.’’

‘‘देता ना. म्हणून तर तुम्ही आत बसला आहात,’’ काका म्हणाले. त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता, पण हातातली चावी त्यांनी मुठीत घट्ट धरली होती. ‘‘पण चावी आईंनी दिली आहे. मी नागपूरला जाऊन विचारून येतो. दोन दिवस द्या.’’

‘‘मला परवा निघायचंय!’’

‘‘मग मुश्किल आहे.’’

श्रीकांत उठला. घरात नोकर ठेवला तर तो मालक झाला, असं काहीतरी बोलला, आणि या माणसाने माझंच घर माझ्यापासून अडवलं हे मी सगळ्यांना सांगीन, असंही. त्याने सांगितलंही. तीन-चार दिवसांत काकांच्या फळीवरच्या चार चाव्या त्यांच्या मालकांनी परत मागवून घेतल्या. चार खिळे रिकामे दिसू लागले. चहा देताना काकूंची नजर सारखी तिकडे जाई.

मला काकांचा हट्ट समजत नव्हता. आज ना उद्या ते घर मुलाचंच व्हायचं होतं. भांडण झालं त्याच संध्याकाळी मी तसं बोलूनही दाखवलं.

काकांनी सायकल भिंतीला टेकवली. मग म्हणाले, ‘‘मिल बंद झाली तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. बावीस वर्षं रोज गेलो. एक दिवस गेटवर कागद लावलेला. बंद तर व्हायचीच होती, मशिनी जुन्या, सगळ्यांना दिसत होतं. मी काय थांबवणार होतो? पण विचारलं असतं कोणी, की लघाटे, तुम्हाला काय वाटतं, तर...’’ मग सायकलला कुलूप घालत म्हणाले, ‘‘त्या बाईला तरी कोणी विचारू दे.’’

दुसऱ्या दिवशी ते बसने नागपूरला गेले. परत आले ते सरलाबाईंना घेऊनच. बाईंनीच हट्ट धरला होता म्हणे, मला घर बघायचंय. श्रीकांत तोवर परत गेला होता.

सरलाबाई आठ दिवस आपल्या घरात राहिल्या. जेवण काकूंकडून जाई, आणि डबा पोचवायचं काम मी मागून घेतलं होतं. मला वाटत होतं, बाई एकेका वस्तूला हात लावून रडतील आणि घर विकायला साफ नाही म्हणतील. तसं काहीच झालं नाही. त्यांनी पदर खोचून कपाटं उपसली. भांडी वाटली, साड्या वाटल्या, जुनी पत्रं निवडून काही ठेवली, काही अंगणात जाळली. मला एक पितळी लामणदिवा दिला, तो आजही माझ्याकडे आहे. आठव्या दिवशी त्या खुर्चीवर बसल्या आणि काकांना मोठ्याने म्हणाल्या, ‘‘लघाटे, विकून टाका म्हणावं. मला काही हे घर नको होतं. तो जिना आता चढवत नाही.’’

मी थक्क झाले. ‘‘मग आजी, एवढा सगळा त्रास...’’

‘‘अगं, नको असलं तरी ते मी म्हणायचं ना?’’ त्या म्हणाल्या, आणि कागद स्वतःच्या हाताने कपाटातून काढून पिशवीत घातले.

त्यांनी मुलाला काय लिहिलं ते माहीत नाही. पुढे दीड महिन्याने श्रीकांतचं काकांना पत्र आलं. माफी वगैरे त्यात नव्हती. आईने सांगितलं, तिला तुम्ही नेलंत त्याबद्दल आभारी आहे, इतकंच. परत गेलेल्या चार चाव्यांपैकी दोन पुन्हा फळीवर आल्या. दोन आल्याच नाहीत.

पण त्याआधीचं सांगायचं राहिलं. सरलाबाईंना नागपूरच्या बसमध्ये बसवून आम्ही परत येत होतो. काका सायकल हातात धरून चालत होते, मी लूना ढकलत होते. ते एकदम म्हणाले, ‘‘तुझ्या प्रोग्रामात पहिला रकाना कसला आहे?’’

‘‘ग्राहकाचं नाव.’’

‘‘एकच?’’

मी उभी राहिले. पैसे देणारा एक, चावी देणारा दुसरा, आणि घर ज्याचं तो कदाचित तिसराच. तीस प्रश्नांत मला हे एकदाही सुचलं नव्हतं. मी त्या दिवशी ऑफिसात जाऊन पहिला स्क्रीन पुसला आणि तीन रकाने केले. चौथा रकाना केला, काही बदल करायचा असेल तर यांच्यापैकी कोणाला विचारायचं, त्याचा.

मग रिपोर्ट लिहायला बसले. खरं ते लिहायचं ठरवलं. शहरातल्या बहुतेक घर-सांभाळणाऱ्यांना आज कॉम्प्युटरची गरज नाही, बावीस घरांना वही पुरते. घरं वाढतील आणि फिरणारी माणसं अनेक होतील तेव्हा गरज पडेल, आणि तेव्हा काय लागेल तेही लिहिलं. सगळं एकदम ‘ठीक’ करणारं बटण देऊ नये, हे शेवटी लिहिलं. सही करण्याआधी तो पुन्हा एकदा वाचला. वडिलांची नोकरीही मिलबरोबरच गेली होती आणि घरात माझाच पगार येत होता.

भंडारीजींनी रिपोर्ट दोनदा वाचला. ‘‘मैडम,’’ ते म्हणाले, ‘‘हमने एक ग्राहक समझने भेजा, तुमने एक के तीन कर दिए.’’ पुढे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी घरी काहीच सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी टेबलाशी येऊन म्हणाले, ‘‘बनाओ. बिना बटन के.’’ का, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बटण मागणारी पार्टी दुसरीकडे गेली. आमचा प्रोग्राम हळूहळू चालला, आधी इंदुरात, मग भोपाळला, मग पुण्याला एका मोठ्या पार्टीने घेतला आणि त्यांनी कौतुक कशाचं केलं, तर त्या चार मोकळ्या ओळींचं.

काकांनी स्वतः तो कधीच घेतला नाही. ‘‘तुझ्याच रिपोर्टात लिहिलंय, मला नको म्हणून,’’ ते हसून म्हणत. ‘‘खरं लिहिलंस, एक गिऱ्हाईक गमावलंस.’’

पुढे मी नोकऱ्या बदलल्या, गावं बदलली. कारखान्यांत, हॉस्पिटलांत, कॉलेजांत जाऊन लोकांना काय हवंय ते समजून घेणं हेच माझं काम झालं. लोक म्हणतात मला ते बरं जमतं. जमतं ते एवढंच, की जो टेबलापलीकडे बसून मागणी सांगतो त्याच्या मागे आणखी कोण उभं आहे, ते मी बघते आणि त्याच्याकडे जाते. हे मला कोणत्याच कोर्सने शिकवलं नाही. काकांना तसं सांगायचं मात्र राहूनच गेलं होतं. सणावाराला मी पत्र टाकत असे, त्यात ख्यालीखुशाली असे. आभार मानायला प्रत्यक्षच जाऊ, असं दर वेळी वाटे.

आणि शेवटी ते भेटले ते इंदूरबाहेर मानपुरात, भर रस्त्यावर. ऑफिसच्या गाडीने मी धुळ्याकडे निघाले होते. चहाला थांबलो. बाजूला एक टेम्पो उभा होता, आणि त्यातून सात-आठ म्हातारे उतरून शेंगदाणे खात मोठमोठ्याने भांडत होते. मांडवगडाच्या सहलीला चालले होते, सगळे एकाच मिलचे. त्यांत लघाटेकाका. केस पूर्ण पांढरे, अंगात लालभडक स्वेटर.

‘‘अरे, ही बघा!’’ त्यांनी सगळ्यांना थांबवलं. ‘‘ही आमची इंजिनिअर. लूनावर सायकलच्या मागून यायची, एकदाही पुढे गेली नाही.’’

मी त्यांना वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, ‘‘काका, मी जे काही आहे ते तुमच्यामुळे.’’ तेवढ्यात ट्रकने हॉर्न वाजवला.

‘‘क्काय?’’

‘‘तुमच्यामुळे!’’ मी ओरडले. आजूबाजूचे चहावाले, ट्रकवाले सगळे बघायला लागले. ‘‘सगळं तुमच्यामुळे शिकले मी!’’

काका एकदम बावरले. चष्मा काढला, स्वेटरच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. मग माझ्या हातात मूठभर शेंगदाणे ठेवत म्हणाले, ‘‘खा, गरम आहेत.’’

टेम्पोवाल्याने आवाज दिला. म्हातारे एकमेकांना ढकलत आत चढले. काका शेवटी चढले आणि मागच्या फळीवर बसले. कोणीतरी गाणं सुरू केलं, त्यांनी त्यात आपला सूर मिसळला, तो अर्थातच चुकला, आणि सगळे जण त्यांच्यावर ओरडले. टेम्पो हलला. लाल स्वेटर वळणापर्यंत दिसत होता, आणि काका माझ्याकडे बघून हात हलवायचं विसरून, डोळे मिटून, मोठ्याने गात होते.